फ्लोरा फाउंटनच्या ट्रामचं साल लावून दिल्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

फ्लोरा फाउंटनपाशी ट्राम दिसते त्या जुन्या फिल्मच्या रिळाचं साल ठरलं: सप्टेंबर 1920 ते 1925. डब्यावर कुणीतरी शाईने 1910 लिहून ठेवलं होतं आणि पुढच्या प्रत्येक यादीत तेच उतरत गेलं. तुम्ही मागे वळणाऱ्या ट्रामच्या वरच्या मजल्यावर बोट ठेवलंत आणि 1910 तिथेच निकालात निघालं. मुंबईत विजेची ट्राम 7 मे 1907 ला सुरू झाली खरी, पण दुमजली ट्राम सप्टेंबर 1920 ची.

दुसरी मर्यादाही तुम्हीच शोधलीत. फाउंटनपाशी दादाभाई नौरोजींचा पुतळा 1925 मध्ये बसला. रिळात ती जागा स्वच्छ दिसते आणि मोकळी आहे. जे हलत नाही त्याचं नसणं पुरावा ठरतं, हे तुमचं म्हणणं आता आम्ही सगळ्यांना ऐकवतो. बसचं तसं नाही. बससेवा 15 जुलै 1926 ची असली, तरी दोनेक मिनिटांच्या चित्रणात बस न येणं अगदी सहज शक्य आहे. ट्रामच्या विजेच्या तारांचंही तेच. जुन्या फिल्मवर निळा रंग फार उजळ उमटायचा, त्यामुळे आभाळ पांढरंफेक येतं आणि ट्रामवरची तार त्यात विरून जाते. तार दिसली नाही म्हणून घोड्यांच्या ट्रामचा काळ ठरवू नये. आधी छपरावरचा ट्रॉलीचा, म्हणजे तारेतून वीज घेणारा दांडा शोधावा.

त्या दांड्यानेच दुसऱ्या एका तुकड्याचा घोळ सुटला. दांडा नेहमी मागे कललेला असतो, शेवटच्या थांब्यावर तो फिरवून घ्यावा लागतो. त्या तुकड्यात तो पुढे कललेला दिसत होता आणि माणसंही उलट्या पावली चालत होती. म्हणजे फिल्म उलटी जोडलेली. डावं-उजवं उलटलंय का, हे बघायला तुम्ही सांगितलेली खूण सोपी आहे: क्रॉफर्ड मार्केटकडून फोर्टकडे पाहताना व्ही.टी. स्टेशन डाव्या हाताला आणि महापालिकेची इमारत उजव्या हाताला हवी.

सावलीचा मुद्दा तर आमच्या गावीही नव्हता. मुंबईत साधारण मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला पडते. वर्षाच्या बाकी काळात ती उत्तरेलाच. दिशा ठाऊक असलेली एक इमारत चौकटीत असली की महिन्याचा अंदाज बांधता येतो. मात्र चित्रण दुपारचंच आहे, हे आधी चित्रात दिसणाऱ्या घड्याळावरून ताडून घ्यावं लागतं.

फिल्म कोणत्या साली तयार झाली ते सांगणाऱ्या, तिच्या कडेवरच्या खुणेबद्दल विशेष आभार. कोडॅक कंपनीच्या फिल्मवर एकच त्रिकोण म्हणजे 1918, 1938, 1958 किंवा 1978, कारण त्या खुणा दर वीस वर्षांनी फिरून येत. आमची प्रत 16 मिलिमीटरची, आणि ते माप 1923 मध्ये आलं, म्हणून 1918 बाद. मूळ 35 मिलिमीटरवरून लहान करून छापताना मुळातली कडेची खूण उतरत नाही, तेव्हा हा त्रिकोण फक्त प्रतीचं वय सांगतो. चित्रणाच्या सालाशी त्याचा काही संबंध नाही.

नोंदीत 1910 खोडलेलं नाही, त्याखाली नवं साल आणि तुमची कारणं लिहिली आहेत. पुढची प्रत सेकंदाला 16 चौकटींच्या गतीने काढतो आहोत. 24 ला ट्राम दीडपट वेगाने पळते आणि मागची पाटी वाचता येत नाही. ती वाचायला तुम्हीच लागाल.

आपले,
मुंबईच्या जुन्या चित्रफितींची नोंद करणारे आम्ही सगळे