बॅच नंबर वाचता यायला हवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझा नातू आठ महिन्यांचा आहे. मुलगी कामावर गेली की त्याचं सगळं मीच बघते. गेल्या महिन्यात भरदुपारी तिचा फोन आला, "आई, त्याच्या दुधाच्या पावडरीचा बॅच नंबर सांग. कंपनीनं काही बॅचेस परत मागवल्यात."

पावडर मी नेहमीसारखी डब्यात ओतून ठेवली होती. खोका रद्दीत गेला होता. आतली पिशवी कचऱ्यातून शोधून काढली. नंबर छापला होता तो नेमका वरच्या चिकटवलेल्या पट्टीवर, आणि पिशवी उघडताना मी त्यातलाच तुकडा कात्रीनं कापला होता. उरलेल्या आकड्यांवर भिंग धरलं, तर ३ आहे की ८ तेही कळेना. डबा ओतून दिला. पण सकाळचं दूध तर त्याच्या पोटात गेलं होतं. रात्रभर त्याच्या उशाशी बसून होते. सुदैवानं त्याला काही झालं नाही.

"मी पाणी उकळूनच घेते गं," असं मुलीला सांगत होते. नंतर कळलं, की बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूंनी तयार केलेलं सेरेयुलाइड हे विष उकळूनही नष्ट होत नाही. शिसं, आर्सेनिक यांचं तर विचारायलाच नको. ना वास, ना चव. बाटली कितीही घासली तरी कारखान्यातून आलेलं विष घरात पकडता येत नाही. त्यातून बाळाचं वजन इवलंसं आणि रोजचं खाणं तेच ते.

चीनमध्ये २००८ साली दुधाच्या पावडरीत मेलामाइन हे प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन निघालं. प्रथिनं मोजताना नायट्रोजन मोजतात, म्हणून तो वाढवायला ते मिसळलं होतं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली. अमेरिकेत २०२३ साली सफरचंदाच्या गरात घातलेल्या दालचिनीत शिसं होतं. ते उघडकीला आलं कसं? मुलांच्या रक्तात शिसं सापडलं, मग त्यांनी काय खाल्लं याचा शोध सुरू झाला. बाळाच्या रक्तानं चाचणीचं काम करावं, हे मला सहन होत नाही.

कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना बाळांच्या तयार खाण्यातल्या शिसं, आर्सेनिक, कॅडमियम आणि पाऱ्याच्या चाचण्यांचे निकाल जाहीर करावे लागतात. दुधाची पावडर मात्र त्या कायद्यातून वगळली आहे. का, ते मला समजत नाही. काही बाळांचं तर सुरुवातीचे महिने तेच एकमेव अन्न असतं.

निकाल प्रत्येक बॅचचे आणि पावडरीचेही जाहीर व्हावेत. बॅच नंबर खोक्यावर आणि आतल्या पिशवीवर, दोन्हीकडे हवा; कात्री लागणार नाही अशा जागी, ठळक, अंगठ्यानं पुसला जाणार नाही अशा शाईत. एवढं तर उद्यापासून करता येईल. सध्या मी खोक्यावरचा नंबर कापून डब्याच्या झाकणाला चिकटवते आणि पावडर संपल्यावरही तो कागद जपून ठेवते.

– एक आजी