राजेंद्रनगरच्या मावशींना, सगळ्यांसमोर

प्रिय मावशी,

सलाम.

नगरकडच्या तुमच्या माणसांत भेटल्यावर असंच म्हणतात, हे मला तुमच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. इंदूरच्या चर्चमध्ये तुम्ही 'जय मसीह की' म्हणता, आमच्या दारात आलात की 'काय गं, झाला का चहा?', आणि बहिणीचा फोन आला की 'सलाम'. म्हणून सुरुवात तुमच्या माहेरच्या पद्धतीने.

पत्र असं जाहीर लिहिण्याचं कारण साधं आहे. तोंडावर आभार मानले की तुम्ही निसटता. 'माझे कसले आभार, देवाचे मान' म्हणायचं आणि गॅसवर दूध ठेवलंय म्हणून उठायचं, ही तुमची युक्ती मला पाठ झाली आहे. तुमची नात हे तुम्हाला फोनवरून वाचून दाखवणार आहे. दूध आधी उतरवून ठेवा. मधे थांबायचं नाही, असं मी तिला बजावलं आहे.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आजारी पडल्या तेव्हा मला काहीच येत नव्हतं. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला, त्यामुळे उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. दवाखान्यातून घरी सोडताना हातात गोळ्यांची यादी मिळाली आणि 'काळजी घ्या' एवढा सल्ला. काळजी घ्यायची म्हणजे सकाळी उठून नक्की काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी तुम्ही आलात. मला वाटलं, नाडी बघाल. तुम्ही हात धुतलेत, आईंच्या पायावरची चादर बाजूला केलीत आणि टाचा पाहिल्यात. 'टाचा आणि माकडहाड. पडून असलेल्या माणसाचं दुखणं इथून सुरू होतं.'

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या नर्सचं ते बोलणं होतं. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल. तिथल्या शिस्तीच्या गोष्टी तुम्ही पुढे रात्री जागताना खूप सांगितल्यात. पण त्या दिवशी गोष्टी नव्हत्या, नुसत्या सूचना होत्या. त्या मी इथे मुद्दाम लिहिते, आज कुणाच्या तरी घरी लागतील. दर दोन तासांनी कूस बदलायची. पोटरीखाली उशी द्यायची, म्हणजे टाच गादीला टेकत नाही. कातडी लाल दिसली तर ती जागा चोळायची नाही. सदरा घालताना आधी लुळा हात घालायचा, काढताना तो शेवटी. त्या हाताला धरून माणूस कधीही ओढायचा नाही, खांदा निखळतो. भरवताना सरळ बसवायचं, हनुवटी जरा खाली. पाण्याने ठसका लागत असेल तर घट्टसर पेज. खाऊन झालं की अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. आणि लुळ्या बाजूच्या गालात घास राहिला आहे का, ते दर वेळी बघायचं.

हे सगळं एखादी चांगली नर्स पगार घेऊन शिकवू शकली असती. मला आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीचे. तुम्ही आईंशी बोलत राहिलात.

भेटायला येणारी माणसं आईंच्या उशाशी बसायची आणि प्रश्न आम्हाला विचारायची. 'जेवतात का? ओळखतात का?' आई तिथेच, डोळे उघडे. तुम्ही मात्र खोलीत आलात की पहिलं वाक्य त्यांना. 'वहिनी, आता तुम्हाला डाव्या कुशीवर घेते हं. गार लागेल पाणी, सांभाळा. आज भाजीवाल्याने वीस रुपयांत चार मेथीच्या काड्या दिल्या, बघा काय दिवस आलेत.' उत्तर येणार नाही हे ठाऊक असून तुम्ही उत्तरापुरती जागा सोडायचात, थोडं थांबायचात, मग पुढे. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नसतं, हे तुम्ही मला समजावलंत. नंतर एकदा मी विचारलं, इतकं का बोलता? तर म्हणालात, 'आमचं शास्त्र सांगतं, माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. झटक्याने ते पुसलं जातं होय?' एवढंच. आणि मला टॉवेल आणायला पाठवलंत.

याच घरात कधीकाळी तुमचा कप वेगळा होता. मी देवासहून लग्न होऊन आले तेव्हा तो खिडकीत असायचा, आणि आईंच्या सोवळ्याची हद्द स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुरू व्हायची. पुढे तो कप कधी नाहीसा झाला कळलंच नाही, पण तुम्ही विसरला नव्हतात. आईंना पहिल्यांदा पेज भरवलीत तेव्हा हसत म्हणालात, 'वहिनी, आज तुमच्या सोवळ्याला सुट्टी.' आईंच्या तोंडाची डावी बाजू हसली. त्या हसण्यात किती हिशेब मिटले, ते तुम्हा दोघींनाच माहीत.

गाण्याचं लिहायलाच हवं. आईंना एक शब्द फुटत नव्हता. एका दुपारी त्यांचे केस विंचरताना तुम्ही टिळकांचं एक भजन म्हणत होतात. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक (1861–1919) हे तुमच्या घरचं दैवतच म्हणा ना. चाल अभंगाची. आणि आई गुणगुणायला लागल्या! शब्द तुमचे नव्हते, तुकोबांचे होते, तुटके, पण शब्द होते. मी कणीक तशीच टाकून धावत आले. तुम्ही शांतपणे सांगितलंत की बोलण्याचं काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, पण गाण्यात उजवी बाजूही मोठा वाटा उचलते, म्हणून बोलता न येणारी काही माणसं गाऊ शकतात. मग डोळे मिचकावून म्हणालात, 'आणि टिळक स्वतःच सांगायचे की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. तुझी सासू त्याच पुलावर बसलीय, तिला बसू दे.' पुढे रोज दुपारी तुमचं टिळक आणि आईंचं तुकोबा असं चालायचं. सूर दोघींचाही बेताचाच. कुणी मैफल म्हणू नये.

कॉलनीत कुजबुज झाली, तेही तुम्हाला माहीत आहे. 'ही रोज का येते? घेत काही नाही, मग हिला हवंय काय?' मध्य प्रदेशात धर्मांतरावर कायदा 1968 पासून आहे आणि 2021 मध्ये तो नव्याने, आणखी कडक होऊन आला. तेव्हा असा प्रश्न इथे कुणी गमतीने विचारत नाही आणि ज्याच्याबद्दल विचारला जातो त्याची झोप उडते. तुम्ही तक्रार केली नाहीत. येणं थांबवलंही नाहीत. तुम्ही फक्त यांना समोर बसवून विचारलंत, 'मी वहिनींसाठी प्रार्थना केली तर तुम्हाला चालेल का? नाही म्हणालात तरी सकाळी येणारच आहे.' हे म्हणाले, करा. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. तुम्ही मागितलंत ते असं : वहिनींना वेदना कमी होऊ देत, डॉक्टरांना शहाणपण दे, आणि या सुनेला झोप दे. मावशी, त्या घरात माझ्या झोपेचा विचार आधी तुमच्या देवाकडे पोचला, घरच्यांकडे नंतर. यांनी त्या रात्रीपासून दोनच्या कुशीची जबाबदारी घेतली.

आता अवघड भाग. माझ्या मोठ्या दिरांनी घराच्या कागदावर आईंचा अंगठा घ्यायचं ठरवलं होतं. त्यांचीही बाजू होती, ती मी इथे मांडत नाही. साक्षीदार म्हणून सही करा, तुम्ही नर्स, तुमच्या शब्दाला वजन आहे, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं. तुम्ही कागद पूर्ण वाचलात. चष्मा काढलात. 'वहिनींना हे समजलंय असं मी लिहून देऊ शकत नाही. त्यांना समजलेलं नाही. आमच्यात होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही.' ते तुम्हाला बरंच बोलले. त्यातलं काही तुमच्या धर्मावरून होतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण मानही खाली घातली नाहीत. आणि जाताना त्यांनाच विचारलंत, 'तुमची शुगर आता कशी आहे?' मला तर त्यांना दारातून घालवून द्यावंसं वाटत होतं!

त्यानंतर भाऊजी यायचे बंद झाले. मी तुमच्यापुढे चिडून बोलले तेव्हा तुम्ही राणी मारिया सिस्टरची गोष्ट सांगितलीत. केरळातून आलेली ही सिस्टर उदयनगरकडे भूमिहीन मजुरांना सावकारी पाशातून सोडवायला धडपडत होती. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये तिला भोसकून मारलं. तिची धाकटी बहीण, तीही सिस्टर, पुढे तुरुंगात जाऊन त्याच मारेकऱ्याला राखी बांधून आली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्येच राणी मारियाला धन्यवादित, म्हणजे कॅथलिकांत संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, तेव्हा तो माणूस त्या सोहळ्याला हजर होता. तुम्ही कॅथलिक नाही, तरी हे सांगताना तुमचा आवाज हलला. मी म्हटलं, मावशी, हे माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही लगेच म्हणालात, 'माझ्याच्याने तरी कुठे होणार आहे? ते मोठ्या माणसांचं. आपण एक फोन करू.'

फोन तुम्ही केलात. 'आईंची नखं वाढलीत, माझा चष्मा बदलायचाय, तुम्ही येऊन काढाल का?' चष्मा आदल्याच आठवड्यात बदलला होता, आणि होय म्हणजे होय म्हणणारी तुम्ही, म्हणून मी तुमच्याकडे बघितलं. 'दुसरा बदलायचाय, लांबचा,' तुम्ही म्हणालात. तो अजून बदललेला नाही, याची नोंद असू द्या. भाऊजी आले. तुम्ही त्यांच्या हातात कोमट पाण्याचं घमेलं दिलंत. आधी पाय धुवा, नखं मऊ होतात. पन्नाशी उलटलेला तो माणूस खाली बसून आईचे पाय धूत होता आणि तुम्ही आईंना सांगत होतात, 'वहिनी, थोरले आलेत. धुतात चांगले, फक्त बोटांच्या मधे कोरडं करायचं विसरतात.' गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण तुमच्याकडे करतात, हे मला नातीकडून नंतर कळलं. तुम्ही चकार शब्द काढला नव्हता. घराचा वाद अजून मिटलेला नाही. पण भाऊजी शेवटपर्यंत दर आठवड्याला येत राहिले, आणि आई गेल्या तेव्हा दोघे भाऊ एकमेकांशी बोलत होते.

तुम्हाला संत करून ठेवायचं नाही मला. तुम्ही हुकूम सोडता. माझी पोळी जाड आहे, हे आल्यागेल्यासमोर सांगता. इंदूरमध्ये इतकी वर्षं राहून पोह्यांवर जिलेबी कशाला, असं विचारता. आणि सुनेशी तुमचं बिनसलं की दोन-दोन दिवस अबोला असतो. हे तिनेच सांगितलं आणि 'लिही खुशाल' म्हणाली. पण तिने पुढचंही सांगितलं. महिन्यातल्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आदल्या रात्री तुम्ही तिच्या खोलीचं दार वाजवता. कुणाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर आधी जाऊन समेट करायचा आणि मगच वेदीपुढे यायचं, असं प्रभूचं सांगणं आहे म्हणून. 'दर वेळी माफी मागतात असं नाही,' ती म्हणाली, 'कधी नुसतं विचारतात, उद्या डब्याला काय देऊ. पण दार वाजतं.' हे ऐकल्यावर मला तुमचा धर्म जरा अधिक कळला, आणि माझ्या जावेला फोन करायचं सुचलं.

तेराव्याला तुम्ही आलात, पंगतीत बसलात, आणि निघताना आईंची हवेची गादी मागितलीत. ती आता पलीकडच्या वस्तीतल्या एका रिक्षावाल्याच्या वडिलांकडे आहे. त्यांचीही उजवी बाजू गेलीय. रोज संध्याकाळी आपण दोघी जातो, मी कूस धरते, तुम्ही त्यांच्याशी बोलता. त्यांना मराठी येत नाही आणि तुमची हिंदी मिरजेची, पण ते तुमच्याकडे बघत राहतात.

खूप खूप आभार, मावशी. आईंच्या वतीनेही.

रविवारी सकाळी तुमची उपासना असते आणि रिक्षावाल्याच्या वडिलांचं अंग पुसायची वेळही तीच. तिकडचं मी बघते. तुमच्या सुनेला सांगून झालंय, ती माझ्याबरोबर येतेय. तुम्ही चर्चला जा, आणि येताना घाई करू नका.

तुमची,
शेजारची सून
राजेंद्रनगर, इंदूर