शांत कॅटफिश आणि भांडखोर सिक्लिड : एका टाकीत ठेवण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इंदुरातील नव्या सदनिकांच्या दिवाणखान्यांत आणि दुकानांच्या गल्ल्यांशेजारी अलीकडे माशांच्या काचेच्या टाक्या पुष्कळ दिसू लागल्या आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच टाक्यांत एक ठरावीक जोडी हमखास आढळते : वरच्या पाण्यात कपाळावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्न किंवा काळा-नारिंगी ऑस्कर, आणि तळाशी एखाददुसरा सकर अथवा बोटाच्या पेराएवढ्या कोरीडोरासची चौकडी. पहिला मासा घरच्यांनी हौसेने निवडलेला असतो. दुसरा, ‘हा टाकी साफ ठेवील’ असे सांगून दुकानदाराने पिशवीत घातलेला असतो. या दुसऱ्या माशाविषयी चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते. सकर आणि कोरीडोरास हे दोन्ही कॅटफिश, म्हणजे मिशांवाल्या माशांच्या गटातले. कॅटफिश स्वभावाने शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात, तेव्हा तो कोणाबरोबरही राहील, असे आपण गृहीत धरतो. परंतु सिक्लिड कुळातल्या फ्लॉवरहॉर्न, ऑस्करसारख्या भांडखोर माशांच्या शेजारी नेमका हा शांतपणाच त्याच्या जिवावर बेततो.

सर्वप्रथम सफाईचा समज दूर व्हायला हवा. सकर काचेवरचे शेवाळ खरवडतो हे खरे. पण तो इतर माशांची विष्ठा खात नाही, उलट स्वतःच दोऱ्यासारखी लांब विष्ठा दिवसभर टाकत राहतो आणि पाण्यातील विषारी अमोनियाचा भार वाढवतो. तो भार हलका होतो तो फिल्टरमधील जिवाणूंमुळे आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलल्यामुळे. ऑस्करसारखा खादाड मासा ठेवायचा तर हे काम माणसालाच करावे लागते. सफाईसाठी आणलेल्या माशाला मात्र वेगळे खायला कोणी घालत नाही; उष्ट्यावर त्याचे भागेल असे समजले जाते, आणि सिक्लिड तर उष्टे सोडतच नाही. पोट खपाटीला गेलेले, डोळे खोल गेलेले सकर मी अनेक घरांत काचेला चिकटलेले पाहिले आहेत. ते साफसफाईत गुंतले आहेत असे घरच्यांना वाटत असते. प्रत्यक्षात ते उपाशी असतात.

सिक्लिडांनाही दोष देण्यात अर्थ नाही. हे मासे आपली अंडी आणि पिले राखणारे आहेत. कॉन्व्हिक्ट या पट्टेरी सिक्लिडाची जोडी दगडाच्या आडोशाला अंडी घालते तेव्हा आसपासचा सगळा तळ आपला मानते, आणि घुसखोराला आधी कल्ले फुगवून, पर ताणून, अंग थरथरवून बजावते. दुसऱ्या सिक्लिडाला ही भाषा कळते व तो मागे सरतो. कॅटफिशला ती कळत नाही. तो मिशांनी चाचपडत, अन्नाचा वास घेत, बहुधा अंधार पडल्यावर, सरळ त्या अंड्यांपर्यंत जातो आणि संधी मिळाली तर ती खातोही. आईबापांनी त्याला हुसकावणे स्वाभाविकच आहे. नदीत तो दहा हात दूर जाईल. दोन फुटांच्या टाकीत त्याने जावे कोठे? वर्चस्व गाजवायला सबंध तळ आणि पळायला एक कोपरा, अशी ही विषम वाटणी असते, आणि तिच्यात शेपटी कुरतडली जाणे, मिशा झडणे, क्वचित डोळा जाणे हे प्रकार घडतात. क्रौर्य माशाचे नसते, आपण दिलेल्या जागेचे असते.

कोरीडोरासची गोष्ट आणखी वेगळी आहे. दक्षिण अमेरिकेतील हा पाच-सात सेंटिमीटरचा मासा कळपाने राहतो. सहा किंवा अधिक असले तरच मोकळेपणाने वावरतो. मऊ वाळूच्या टाकीत त्याला निवांत पाहावे : तोंड डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसतो, मिशांनी कण चाळतो आणि नको असलेली वाळू कल्ल्यांतून धुरासारखी बाहेर सोडतो. मध्येच बाणासारखा पृष्ठभागापर्यंत जाऊन हवेचा घोट घेतो व तितक्याच वेगाने खाली येतो, कारण त्याचे आतडे हवेतील प्राणवायू शोषू शकते. ऑस्करच्या टाकीत हीच धाव घातक ठरते. वर तरंगणाऱ्या ऑस्करला खालून एक लहान मासा सुसाट येताना दिसतो आणि तो जबडा उघडतो.

पुढे जे घडते ते फारच वाईट असते. कोरीडोरासच्या पाठीच्या व छातीच्या परांना पुढच्या बाजूस टणक काटा असतो आणि संकट जाणवताच तो काटा ताठ होऊन अडकून बसतो. गिळू पाहणाऱ्या माशाच्या घशात तो रुततो. मासा ना आत जातो, ना बाहेर येतो. ओळखीच्या एका घरी वीतभर लांबीचा ऑस्कर तोंडात अर्धा कोरीडोरास घेऊन टाकीच्या कोपऱ्यात कल्ले जोरजोराने हलवत उभा असलेला मी पाहिला आहे. त्या संध्याकाळी दोन्ही मासे गेले. तोंडात मावणारा मासा मोठ्या सिक्लिडाबरोबर ठेवू नये, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण काटेरी कॅटफिशच्या बाबतीत तो मोडल्यास भक्ष्य आणि भक्षक दोघेही जातात, हे फारसे कोणी सांगत नाही.

मग हे दोन गट एकत्र राहूच शकत नाहीत काय? राहू शकतात, परंतु निवड विचारपूर्वक करावी लागते. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात कोठेही नसलेला, 1990 च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झालेला मासा. त्याच्याजवळ कोणालाही न ठेवणेच उत्तम. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या सिक्लिडांबरोबर त्याच खंडातील सिनोडॉन्टिस कॅटफिश चांगले नांदतात. ते अंगाने भक्कम, चपळ आणि कपारीत दडी मारण्यात तरबेज असतात. आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवरातील एक सिनोडॉन्टिस मात्र तोंडात अंडी उबवणाऱ्या सिक्लिड मादीच्या अंड्यांत बेमालूम आपली अंडी मिसळतो, आणि त्याची पिले तिच्याच तोंडात आधी बाहेर पडून तिची पिले खातात.  कॉन्व्हिक्टसारख्या मध्यम आकाराच्या सिक्लिडांच्या सोबतीला, टाकी ऐसपैस असेल तर, ब्रिसलनोज हा लहान जातीचा सकर चालतो. एंजलसारखा सौम्य सिक्लिड असेल तर कोरीडोरासही सुखाने राहतो.

इंदूरकरांनी यात पाण्याचाही विचार करावा. आपल्याकडचे बोरिंगचे पाणी काळ्या पाषाणातून आलेले, जड असते. पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरा थर धरतो तो त्याचाच. मलावीच्या सिक्लिडांना आणि सरोवरांतल्या सिनोडॉन्टिसला असेच जड, अल्कधर्मी पाणी लागते, पण दक्षिण अमेरिकेच्या मऊ पाण्यातील कॅटफिशांना ते तितकेसे मानवत नाही. नळाला येणारे नर्मदेचे पाणी वापरायचे तर त्यातील क्लोरीन आधी घालवावे लागते. फ्लॉवरहॉर्नसाठी टाकीत खडे मीठ टाकण्याची पद्धत कोरीडोराससाठी अजिबात योग्य नाही.

आकाराचा हिशेब तर दुकानातच व्हायला हवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा नेहमीच्या टाकीत जेमतेम 57 लिटर पाणी मावते. ऑस्कर 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, साधा सकर त्याहूनही मोठा होतो, आणि ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे चंदेरी पिलू हे खरे तर मेकाँग नदीतील पंगासियस कॅटफिश असून मोठेपणी एक मीटरची लांबी ओलांडू शकते. ऑस्कर आणि एक सकर यांना किमान चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी हवी. तिच्यात सुमारे 255 लिटर पाणी बसते.

मासा टाकीत मावेनासा झाला किंवा दुसऱ्याला त्रास देऊ लागला (मोठा सकर रात्री झोपलेल्या ऑस्करच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो, म्हणजे कुरापत नेहमी सिक्लिडच काढतो असेही नाही) की बरेच लोक तो तलावात सोडून मोकळे होतात. हे कृपा करून करू नये. आपल्या सिरपूर आणि यशवंत सागर या तलावांना 2022 मध्ये रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा, दर्जा मिळाला आहे. परदेशी सकर केरळ, आंध्र, बंगालच्या पाण्यांत आणि वाराणसीजवळ गंगेतही सापडला आहे. तो काठाच्या मातीत बिळे करतो व हवेतूनही श्वास घेत असल्याने वाईट पाण्यातही तग धरतो. नको असलेला मासा दुकानात परत द्यावा, आणि दुकानदारांनीही तो घ्यावा.

दुकानदारांकडे आणखी एक मागणे आहे. प्रत्येक टाकीवर भावाबरोबर माशाची पूर्ण वाढीची लांबी, लागणारी टाकी, पाणी आणि चालणारे सोबती यांची चिठ्ठी मराठी-हिंदीत लावावी. मत्स्यालये व शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये केलेले नियम त्याच वर्षी मागे घेतले गेले. परंतु अशी चिठ्ठी लावायला कोणत्याही नियमाची वाट पाहण्याची गरज नाही.

ज्यांच्या घरी असे मासे आजच एकत्र आहेत त्यांनी, दुसरी टाकी होईपर्यंत, मध्ये जाळीची आडभिंत घालावी. तेवढेही जमत नसेल तर कॅटफिश शिरेल पण सिक्लिड शिरणार नाही अशा मापाच्या पीव्हीसी नळीचे तुकडे, माशांच्या संख्येपेक्षा जास्तच, तळाशी ठेवावेत. बुडणारे खाद्य दिवा मालवल्यावर, सिक्लिडाला आधी दुसऱ्या टोकाला पोटभर घालून, त्या नळ्यांपाशी टाकावे. सकरला काकडीचा काप आणि लाकडाचा ओंडका द्यावा. कॅटफिशला हलवताना जाळी वापरू नये, तिच्यात त्याचे काटे गुंततात. पाण्याने भरलेला प्लास्टिकचा डबा त्याच्यासमोर धरून हळूच आत घ्यावे.

आपला नम्र,
एक वाचक
सुदामानगर, इंदूर