टिळकवाडीच्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातील एका दूध संस्थेसाठी मी सी भाषेत लिहिलेला पावत्यांचा प्रोग्राम गेल्या पावसाळ्यात अधूनमधून बंद पडू लागला, तेव्हा आपण सलग तीन रविवार माझ्यासाठी मोकळे ठेवलेत. त्याबद्दलचे आभार घरी येऊन मानले होतेच. परंतु आपण जे दाखवलेत ते सीमाभागात असे छोटे प्रोग्राम लिहिणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझी पहिली चूक मोजणीची होती. पावतीवर सभासदाचे नाव मराठीत आणि कन्नडमध्ये छापायचे होते. त्यासाठी मी प्रत्येक नावाला 64 बाइटांची जागा ठेवली आणि ती 64 अक्षरांची समजून चाललो. आपण कागदावर ‘लक्ष्मीबाई’ लिहून त्यातील प्रत्येक वर्ण, हलन्त आणि मात्रा वेगळी मोजायला लावलीत. डोळ्यांना चार दिसणारी अक्षरे यूटीएफ-8 मध्ये (संगणकात लिपीची चिन्हे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) दहा चिन्हे, म्हणजे 30 बाइट भरली. कन्नड लिपीच्या चिन्हांनाही तीन-तीन बाइटच लागतात. मजकूर कुठे संपला हे दाखवणाऱ्या शेवटच्या शून्य बाइटसाठी एक जागा सोडली, तर माझ्याकडे जेमतेम 21 चिन्हे मावत होती, आणि आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे सगळे लिहायची पद्धत! ठरावीक बाइटांपर्यंतच मजकूर उतरवणाऱ्या स्ट्रएनकॉपी (strncpy) या फंक्शनने नाव छाटावे असे मी सुचवले, तेव्हा जागा पूर्ण भरल्यास ते फंक्शन शेवटचा शून्य बाइट घालतच नाही, हेही आपणच दाखवलेत.

मग वाढता बफर, म्हणजे गरजेप्रमाणे वाढवता येणारी मजकुराची जागा, आला: पॉइंटर (त्या जागेचा पत्ता), वापरलेली लांबी आणि एकूण क्षमता, तिन्ही एकाच स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या नोंदीत. क्षमता कमी पडली की ती दुप्पट करायची, म्हणजे दर वेळी जुना मजकूर नव्या जागेत हलवावा लागला, तरी सगळ्या वाढींत मिळून कॉपी होणारे बाइट अंतिम क्षमतेपेक्षा कमीच राहतात. दुप्पट करण्यापूर्वी साइझ-टीची (size_t, म्हणजे आकार मोजायच्या संख्येच्या प्रकाराची) मर्यादा तपासण्याचा आपला आग्रह मला तेव्हा अतिरेकी वाटला होता, कारण दूध संस्थेची यादी वाढून वाढून किती वाढणार? पण फाइलमधून वाचलेला लांबीचा आकडाच बिघडलेला असेल, तर बेरीज मर्यादेपलीकडे जाऊन पुन्हा लहान होते आणि छोट्याशा जागेत मोठा मजकूर लिहिला जातो.

रिअ‍ॅलॉकचे (realloc, म्हणजे जागा वाढवून देणाऱ्या फंक्शनचे) उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये ठेवू नये, हे मी वाचलेले होते, तरीही तसेच लिहिले होते. जागा मिळाली नाही तर ते नल (रिकामा पत्ता) परत करते, जुनी जागा मात्र तशीच राहते, आणि तिचा पत्ता आपणच पुसून टाकलेला असतो.

खरा दोष मात्र याहून आत दडलेला होता, आणि तो मला एकट्याला सापडला नसता. प्रत्येक गावाची यादी बफरमध्ये जिथे सुरू होते, तिथला पॉइंटर मी जपून ठेवत असे, जेणेकरून शेवटी त्या गावाची बेरीज शीर्षकाशेजारी लिहिता यावी. यादी लहान असताना बफर वाढवावाच लागत नसे, आणि कधी वाढला तरी रिअ‍ॅलॉक बहुधा त्याच ठिकाणी जागा वाढवून देई, त्यामुळे कित्येक दिवस सर्व सुरळीत चालले. एखाद्या मोठ्या गावाच्या वेळी बफर दुसरीकडे हलला की माझा पॉइंटर मोकळ्या झालेल्या जागेत लिहू लागे, आणि प्रोग्राम तिथे न कोसळता पुढे कुठेतरी, भलत्याच ओळीवर कोसळे. आपण अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे साधन) लावून प्रोग्राम पुन्हा कंपाइल केलात आणि पहिल्याच फेरीत नेमकी ओळ समोर आली. आता मी पॉइंटर जपत नाही. बफरच्या सुरुवातीपासून ते शीर्षक किती बाइटांवर आहे, तेवढा आकडा जपतो, कारण बफर हलला तरी तो बदलत नाही.

एसएनप्रिंटएफला (snprintf, म्हणजे दिलेल्या जागेत ठरावीक साच्यात मजकूर लिहिणाऱ्या फंक्शनला) आधी शून्य आकार देऊन लागणारी लांबी विचारणे, त्यात शून्य बाइटसाठी एक मिळवणे आणि मगच लिहिणे, हे आता हाताला वळण पडले आहे.

परवा जुना कोड चाळताना शेवटच्या सभासदाच्या नावासाठीही असाच एक पॉइंटर जपलेला सापडला. तो बदलला आहे; येत्या रविवारी गाडी वेळेवर आली तर दाखवायला घेऊन येतो.

आपला,
खानापूरचा एक विद्यार्थी