डाएटिशियन मॅडम, त्या खुर्चीसाठी थँक्यू

मॅडम,

नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितेय. परवा फॉलोअपला आले तर तुमच्या केबिनमध्ये दुसऱ्याच ताई बसलेल्या. रिसेप्शनला विचारलं तर म्हणे तुम्ही नाशिकला गेलात, मिस्टरांची बदली झाली. नंबर मागितला, त्यांनी दिला नाही, आणि नाही दिला तेच बरोबर आहे, असा कुणीपण येऊन मागेल. पण मग माझ्या पोटात जे साठलंय ते कुठं ठेवायचं? (पोट आता आधीच एवढंसं राहिलंय.) म्हणून इथं लिहितेय. कुणाच्या तरी ओळखीतून पोचेल तुमच्यापर्यंत, सातारा काय एवढं मोठं नाही आणि नाशकात पण आपली माणसं आहेतच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी साताऱ्यात डबे करते, सदाशिव पेठेत घर आणि तिथंच स्वयंपाक. उंची पाच फूट एक इंच, ऑपरेशनच्या आधी वजन ११८. शुगर, बीपी, गुडघे, रात्री घोरणं आणि मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, सगळं होतं. पुण्यात स्लीव्हचं ऑपरेशन झालं, त्यात पोटाचा पाऊण भाग काढून टाकतात आणि एक बारीक नळी ठेवतात. ते कसं झालं, खर्च किती आला, ते सगळं सोडा, ते विचारणारे लई आहेत, त्यांना मी फोनवर सांगतेच.

मला सांगायचंय ते त्याच्या नंतरचं. आणि थोडं आधीचं पण, कारण आधीचं सांगितल्याशिवाय मॅडमनी काय केलं ते कळणार नाही.

आधी काय होतं, तर एक डॉक्टर होते, मी गुडघा दाखवायला जायचे, ते गुडघ्याकडं न बघता म्हणायचे "तोंडाला कुलूप लावा, औषधाची गरज नाही". दर वेळी हेच. बाहेर बसलेल्या पेशंटला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग एक पावडरवाले, महिन्यात दहा किलो गॅरंटी, त्यांच्या सकाळच्या मीटिंगला जाऊन टाळ्या वाजवायच्या, वजन आलं की सगळ्यांसमोर जाहीर करायचं. पैसे गेले ते गेले, वजन गेलं तेवढंच परत आलं आणि वर चार किलो व्याज. आणि सगळ्यात कडी म्हणजे ऑपरेशनच्या आधी समजावून सांगायला एक जण होते, गुळगुळीत बोलणारे, भिंतीवर आधी-नंतरचे फोटो, त्यांनी माझ्या कार्डावर निळ्या पेनानं लिहून दिलं, "टार्गेट ६० किलो, १ वर्ष". खाली दोन रेघा. मी ते कार्ड देवाच्या फोटोमागं ठेवलं होतं, खोटं कशाला सांगू.

तर ते कार्ड घेऊन मी तुमच्याकडं पहिल्यांदा आले. पातळ खाण्यावर होते, ताकाचं पाणी आणि डाळीचं पाणी, डोकं भणभणलेलं. तुमच्या केबिनमध्ये समोर स्टीलची हातवाली खुर्ची. आता ज्यांचं वजन कधी शंभरच्या वर गेलं नाही त्यांना हे कळायचं नाही, पण जाड माणूस कुठंही गेला की आधी खुर्ची बघतो. हात आहेत का, बसलं तर निघता येईल का, निघताना खुर्ची बरोबर उठेल का. लग्नात, बँकेत, शाळेत पालक मीटिंगला, मी कायम उभी. मी म्हटलं, "राहू दे मॅडम, पाठ धरलीय, उभीच बरी." तुम्ही मान हलवली, उभ्या उभ्याच माझं ऐकून घेतलं, आणि हो, तुम्ही पण उभ्या राहिलात, ते मला घरी आल्यावर लक्षात आलं.

पुढच्या वेळी आले तर समोर बिनहाताची खुर्ची. जुनी, लाकडी, कुठल्यातरी खोलीतनं शोधून आणलेली दिसत होती, एक पाय जरा डुगडुगत होता त्याखाली पुठ्ठ्याची घडी. आणि ती स्टीलची खुर्ची कोपऱ्यात, तिच्यावर फायलींचा ढीग, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की ती फायली ठेवायलाच आहे. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. "बसा काकू" एवढंच. जसं काही ती खुर्ची कायम तिथंच होती.

मॅडम, मी बसले आणि मला रडू आलं, तुम्हाला वाटलं टाके दुखतायत. टाके नव्हते दुखत ओ.

नंतर तुम्ही ते कार्ड बघितलं. ६० बघून हसला नाहीत, ज्यानं लिहिलं त्याला नावंपण ठेवली नाहीत (मी ठेवते, हक्कानं). कॅल्क्युलेटर माझ्या हातात दिलात आणि मलाच आकडे दाबायला लावले. माझ्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते मोजायचा आकडा) २५ म्हणजे वजन साधारण ६०. म्हणजे ११८ मधले ५८ किलो जादा. आणि स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं या जादा वजनातलं निम्मं ते सत्तर टक्के जातं. मी दाबलं, २९. मग दुसरं, ४०. म्हणजे चांगलं झालं तर मी ७७ ते ८९ च्या मध्ये कुठंतरी थांबणार. तुम्ही म्हणालात, "काकू, ६० म्हणजे शंभर टक्के जादा वजन गेलं पाहिजे. तसं होणारे थोडे असतात. तुम्ही ८५ ला आलात तर ते पास नाही, फर्स्ट क्लास आहे."

एवढं साधं गणित. मी रोज डब्याचा हिशोब करते, मला दहा मिनिटात कळलं. मग आधी कुणी का सांगितलं नाही? फोटो दाखवायला वेळ होता, कॅल्क्युलेटर दाखवायला नव्हता. मी ८५ ला आले असते आणि त्या कार्डाकडं बघून स्वतःला नापास समजत बसले असते, आणि मला माझा स्वभाव माहितेय, नापास झाले की मी खाते.

मग तुम्ही विचारलंत, "६० झाल्यावर काय करायचं ठरवलं होतं?" मला वाटलं काय प्रश्न आहे. पण सांगितलं. पंगतीत मांडी घालून बसायचं. एसटीत दोनच्या सीटवर शेजारच्यानं तोंड वाकडं न करता बसायचं. आमच्या साताऱ्यातल्या टेकडीवरच्या चार भिंतीपर्यंत चालत जायचं, सातारकर असून मी लग्नाच्या आधी गेलेली शेवटची. आणि मग हळूच म्हणाले, ती तसली खुर्ची. कोपऱ्याकडं बोट केलं. तुम्ही ते सगळं कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलंत आणि म्हणालात, "यातल्या एकालाही ६० लागत नाही. खुर्चीचं आधी बघू. दिवाळीपर्यंत फायली हलवू आपण."

तिथून पुढं माझं टार्गेट म्हणजे फायली हलवणे. घरात कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

मधले महिने काय सरळ गेले नाहीत. तिसऱ्या आठवड्यातच काटा थांबला. एवढंसं खातेय, ते पण अर्धा तास चावतेय आणि काटा ढिम्म. आमच्या जाऊबाई लगेच, "पोट कापून पण हिचं तेच". तुम्ही सांगितलंत की हे जवळपास सगळ्यांना होतं, सुरवातीला भराभर जातं त्यात पाणी बरंच असतं, शरीरात साठवलेली साखर संपते तिच्याबरोबर पाणी निघून जातं, मग शरीर थोडं पाणी परत धरतं म्हणून काटा अडकतो, चरबी आतनं कमी होतच असते. आणि काटा आठवड्यातनं एकदाच, त्याच वारी, सकाळी. रोज चढायचं नाही. मी काटा मुलाच्या कपाटात ठेवायला दिला.

मग केस. चौथ्या महिन्यात कंगव्यात झुबके यायला लागले. ते होणार हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, परत येतात म्हणून पण सांगितलं होतं, त्यामुळं घाबरले पण कोसळले नाही. फक्त प्रोटीनचा तुम्ही पिच्छा सोडला नाहीत. दिवसाला ६० ग्रॅम, आधी प्रोटीन मग बाकीचं. आणि तुम्ही मला डबे विकणारी बाई समजून बोललात हे मला लई आवडलं, छापील कागद दिला नाहीत, की ॲव्होकॅडो खा, टोफू खा. अंडं, मऊ पनीर, मुगाचं धिरडं, मटकी शिजवून घोटून, दही. संकष्टीला विचारलं साबुदाणा चालेल का, तर म्हणालात देव साबुदाणा मागत नाही काकू, दही खा. आणि कंदी पेढ्याचं खरं सांगितलंत, की मऊ आणि गोड गोष्ट या नळीतनं सरसर खाली जाते, पोट भरल्याचं कळतच नाही, म्हणून भाकरीपेक्षा पेढ्याला जास्त भ्यायचं. मोती चौकातनं जाताना मी अजून पलीकडच्या बाजूनं जाते.

आणि एक ते व्हॉट्सॲपवरचं. कुणीतरी मला एका माणसाचा फोटो पाठवला, त्याचं बायपास झालेलं (हृदयाचं नाही, वजनासाठी पोटाचं करतात ते), वर्षात साठ किलो गेले म्हणे. मी तो फोटो घेऊन तुमच्याकडं, जवळजवळ भांडायलाच. तुम्ही शांतपणे विचारलंत, सुरवातीचं वजन किती होतं त्यांचं? पुरुष का बाई? वय? शुगर होती का? ऑपरेशन तरी तुमचंच होतं का? जड माणसाचे किलो जास्त जातात, शुगरवाल्यांचं जरा कमी जातं, बायपास आणि स्लीव्ह एक नाही. "दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज घालून तुम्ही रडताय," असं म्हणालात. तो फोटो मी तिथंच डिलीट केला.

दिवाळीच्या आधी एक दिवस आत आले तर तुम्ही उठलात, फायली उचलल्यात, कपाटावर ठेवल्यात. काही बोलला नाहीत. मी बसले. दोन्ही बाजूला बोटं जातील एवढी जागा होती, मी घालून बघितली. त्या दिवशी वजन ९८ होतं, पण ते मला नंतर कार्ड बघून आठवलं, बोटं मात्र कुणी झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेन.

कधीकधी वाटतं चांगली माणसं अशीच असतात, ती उपकार केल्याचा आवाजच करत नाहीत. मंडईत एक भाजीवाली मावशी आहे, मी आले की रिकामं क्रेट पालथं घालून पुढं सरकवायची, बोलणं भावाचंच चालू. कोरेगाव गाडीला एक कंडक्टर होता, गर्दीत म्हणायचा "मावशी, पुढं या, इथं तिकिटाचा हिशोब धरा जरा माझा", आणि स्वतःची सीट द्यायचा, म्हणजे सगळ्यांना वाटावं मी त्याला मदत करतेय. आणि दुसरीकडं शिकले-सवरलेले लोक, ज्यांना पैसे आम्ही देतो, ते आमच्याच तोंडावर आमच्या शरीराची जाहिरात करतात. शिक्षणाचा आणि याचा संबंध नाही बहुतेक. पण तुम्ही दोन्ही आहात, म्हणून तुमचं जास्त कौतुक.

आता रिपोर्ट देते, तुम्ही असता तर आधी हेच विचारलं असतं. वजन ८४. म्हणजे ३४ गेलं, जादातलं ५८-५९ टक्के, मी स्वतः कॅल्क्युलेटरवर काढलं. शुगरची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली, बीपीची अर्धी केली. घोरणं कमी आहे, आमचे हे म्हणतात आता रेडिओ लागत नाही. चार भिंतीपर्यंत गेले, मध्ये थांबत थांबत गेले, पण गेले. तुम्ही सांगितलं होतं ना की एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचं चारेक किलोचं ओझं उतरतं, ते मी चढताना मोजत होते. मांडी अजून नीट येत नाही. ती राहिली.

बी-१२, व्हिटॅमिन डी चालू आहे, आयुष्यभर घ्यायचं हे डोक्यात बसलंय. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेत नाही. जेवताना पाणी पीत नाही, उन्हाळ्यात त्रास होतो पण नाही पीत.

आणि ते दोन वर्षांनंतरचं तुम्ही बोलला होतात, की थोडं वजन परत येऊ शकतं, बऱ्याच जणांचं येतं, तीन-चार किलो वाढले की त्याला फेल म्हणून घरात बसायचं नाही, लाज न बाळगता लगेच यायचं. ते मी नवीन ताईंना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. त्यांनी विचारलं "काकू, तुमचं टार्गेट वेट काय?" मी म्हटलं, आधी मांडी, मग बघू. त्या जरा गोंधळल्या, पण कार्डाची मागची बाजू वाचली आणि त्याच्याखाली तारीख टाकून सही केली, चांगल्या वाटतायत. खुर्ची लाकडीच आहे अजून, ती हलवू देऊ नका म्हणून मी सांगून आलेय, माझ्यानंतर पण कुणीतरी येणारच आहे.

मॅडम, साताऱ्याला आलात की हॉटेलात जेवायचं नाही. पोवई नाक्यावरनं फोन करा, नंबर माझ्या कार्डावर आहे आणि कार्ड नवीन ताईंकडं आहे. मुगाचं धिरडं करते, तुम्हाला तूप लावून, मला बिनतुपाचं.

तुमची,
डबेवाल्या काकू