पार्सलचा दर म्हणजे पगार नव्हे

महोदय,

बारावी झालेल्या किंवा कंपनीतून ‘ब्रेक’ मिळालेल्या, म्हणजे काही महिन्यांनी कामावरून कमी केलेल्या, मुलाने आता काय करावे, असा विषय निघाला की आमच्या नाशिकच्या सिडकोत हल्ली पहिले उत्तर मिळते ते ‘पार्सलला जा’ असे. सल्ला वाईट नाही. मी स्वतः तो मानला. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी ठेकेदारामार्फत कामाला होतो. सात महिने भरताच नेहमीचा ब्रेक मिळाला आणि गेल्या मे महिन्यात मी स्वतःची दुचाकी घेऊन घरोघर पार्सल पोहोचवण्याच्या कामाला लागलो. या कामात नव्याने येणाऱ्याला एक आकडा ठळकपणे सांगितला जातो आणि बाकीचे आकडे त्याचे त्याला हळूहळू कळत जातात, त्यांविषयी हे पत्र आहे.

सांगितला जाणारा आकडा म्हणजे पार्सलमागे चौदा रुपये. दिवसाला सत्तर पार्सल पोहोचली आणि महिन्याचे सव्वीस दिवस भरले, तर २५,४८० रुपये होतात. कारखान्यात माझा एकूण पगार १७,५०० होता आणि भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा (ईएसआय) व व्यवसाय कर कापून हातात सुमारे १५,४०० पडत. त्यामुळे पहिल्या महिन्यात मी घरी पेढे आणले, हे कबूल करायला हवे. पुढे वही घालून हिशेब मांडला तेव्हा चित्र बदलले. रोजचे साठ किलोमीटर, मागे गच्च भरलेली बॅग आणि दर शंभर पावलांवर थांबणे, यामुळे गाडी लिटरला चाळीसच्या वर जात नाही; म्हणजे पेट्रोलचेच महिन्याला ४,१०० रुपये झाले. ऑइल, ब्रेक, टायर आणि चेनस्प्रॉकेट यांचा खर्च सरासरीने १,३०० आणि मोबाइलचा ३०० धरला, की शिल्लक राहतात १९,७८०. कारखान्यात माझ्या निधीत माझे १,८०० आणि मालकाचे १,८०० जमा होत होते. ते हातातल्या पगारात मिळवले तर तिथली बेरीज एकोणीस हजार होते. म्हणजे फरक आठशे रुपयांच्या आतबाहेरचा, आणि तोही आठ तासांच्या जागी दहा तास काम करून. गाडी रोज झिजते आहे, तिची किंमत यात अजून धरलेलीच नाही.

हे दहा तास कसे जातात, तेही सांगितले पाहिजे. सकाळी सात वाजता हबवर, म्हणजे पार्सल वाटपाच्या केंद्रावर, हजर राहावे लागते. पण भिवंडीच्या गोदामातून येणारी गाडी कसारा घाटात अडकली, की नऊ-नऊ वाजेपर्यंत आम्ही पंचवीस-तीस जण शटरसमोर उभे असतो. त्या वेळेचा एक रुपयाही मिळत नाही. मग रूटप्रमाणे पार्सल लावून, एकेक स्कॅन करून बाहेर पडायचे. सत्तर पोहोचवायची तर ब्याऐंशी-पंच्याऐंशी उचलावी लागतात, कारण बारा-पंधरा ठिकाणी दाराला कुलूप असते किंवा ओटीपी ज्यांच्या मोबाइलवर जातो ते गृहस्थ कंपनीत असतात आणि फोन उचलत नाहीत. इंदिरानगरच्या एका लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पिठाच्या गिरणीइतके जड खोके घेऊन मी तीन दिवस लागोपाठ चढलो. तिसऱ्या दिवशी काकूंनी दार उघडून, ‘अहो, ते आम्ही काल रद्द केलं ना,’ असे शांतपणे सांगितले आणि वर पाणीही दिले. काकूंवर राग नाही. पण त्या तीन फेऱ्यांचे वितरकाला शून्य रुपये मिळतात, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नाही. रोख घेऊन द्यायच्या पार्सलांची गोष्ट वेगळीच. संध्याकाळी हबवर रक्कम भरताना पाचशेची एक नोट कमी निघाली, तर ती आपल्या खिशातून जाते आणि त्या दिवसाची निम्मी कमाई तिथेच संपते.

तरीही हे काम मी सोडलेले नाही आणि त्याला कारणे आहेत. पाठीमागे सुपरवायझर उभा नसतो, रात्रपाळी नाही, आणि गाडी वेळेवर आली तर पाचपर्यंत घरी पोहोचून मुलीचा अभ्यास घेता येतो. गेल्या वर्षभरात पवननगरपासून पाथर्डी फाट्यापर्यंतची गल्लीन् गल्ली पाठ झाली, याचा थोडा अभिमानही वाटतो. पैसे दर आठवड्याला जमा होतात. ठेकेदाराकडे दहा तारीख उलटून जाईपर्यंत वाट पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत कळते.

खरा फरक कळला तो ऑगस्टमध्ये. पावसात खडीवरून गाडी घसरली, उजवे मनगट मोडले आणि पाच आठवडे प्लास्टरमध्ये गेले. हेच कारखान्यात घडले असते, तर राज्य विमा योजनेतून औषधोपचार झाले असते आणि कामावरची दुखापत म्हणून वेतनाच्या सुमारे नव्वद टक्के भरपाई मिळाली असती. इथे दवाखान्याचे बिल माझे आणि पाच आठवड्यांची कमाई शून्य. गाडीच्या विम्यासोबतचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण अनेकांना पुरेसे वाटते. परंतु ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असते, मोडलेल्या मनगटासाठी नव्हे. शिवाय पांढऱ्या पाटीची खासगी गाडी धंद्यासाठी वापरली, या मुद्द्यावर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, हेही मला तेव्हाच समजले.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मंचांमार्फत, म्हणजे ऑनलाइन ॲपवाल्या कंपन्यांमार्फत, काम करणाऱ्यांचा तिच्यात प्रथमच स्वतंत्र उल्लेख आहे आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत द्यावी, अशी तरतूद आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र माझ्या पैशांच्या पावतीवर ज्या कंपनीची पार्सल मी वाटतो तिचे नाव नसते; असते ते मधल्या व्हेंडरचे. उद्या अपघात झाला तर मी कोणाचा माणूस, याचे उत्तर कामावर घेतानाच लेखी मिळाले पाहिजे. कामगार खात्याने एवढे केले आणि निष्फळ फेरीला निदान निम्मा दर लावून दिला, तरी नव्या मुलांचे बरेच काम होईल.

मध्यंतरी त्याच व्हेंडरने मला दुचाकी सोडून छोटा हत्ती, म्हणजे लहान मालवाहू टेम्पो, घेण्याचे सुचवले. महिना ठरावीक रक्कम मिळेल, असे आश्वासन दिले. परवान्याची अडचण नव्हती, कारण हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. कर्ज द्यायलाही बँक तयार होती. कागद वाचायला बसलो तेव्हा दिसले, की बँकेचे हप्ते साठ महिन्यांचे आहेत आणि व्हेंडरचा करार पंधरा दिवसांच्या नोटिशीवर संपवता येणारा आहे. दुसऱ्या दिवशी हबवर जाऊन मी माझी कागदपत्रे परत मागून घेतली.

— एक पार्सल वितरक, सिडको, नाशिक