शिवाजी पुलाच्या सांध्यातला पिंपळ

महोदय,

पंचगंगेवर शेजारी नवा पूल झाला आणि जुन्या दगडी शिवाजी पुलाकडे आमचं सगळ्यांचंच दुर्लक्ष झालं. १८७०च्या दशकातला हा पूल. पन्हाळा-रत्नागिरीकडची वाहतूक त्यानं पिढ्यान्‌पिढ्या पेलली, २०१९ आणि २०२१चे महापूर अंगावर घेतले.

मी रोज सकाळी घाटावर पोहायला जातो. कमानीच्या सांध्यात पिंपळाचं रोप आहे. गेल्या वर्षी वीतभर होतं, आता हातभर झालंय. नुसतं वरून छाटून उपयोग नाही. मूळ आत फुगत राहतं आणि दगड सुटतो. ते मुळासकट काढून सांधा चुन्यानंच भरायला हवा. सिमेंट थापलं तर ओल आत कोंडते.

जाणकार अभियंता आणि परवानगी प्रशासनानं द्यावी, अंगमेहनत आम्ही करू. महापुरात रातोरात माणसं बाहेर काढणाऱ्या पेठांतल्या तालमींना महिन्यातला एक रविवार जड नाही. आमच्या गल्लीतली पोरं तर आजच तयार आहेत. पाणी उतरलेलं असतं ते उन्हाळ्यातच, म्हणून परवानगी त्याआधी मिळावी.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर